इथंच बसा, मी आलेच

वस्तीत त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात नोकरी. पहाटे उठायचं, कमरेएवढी लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकायची आणि गल्लोगल्ली फिरून रस्त्यातल्या झाकणांखालचे व्हॉल्व्ह फिरवायचे. या गल्लीला पाणी सोडायचं, त्या गल्लीचं बंद करायचं. म्हणून ते पाणीवाले काका आणि त्यांची बायको पाणीवाल्या काकू. काकूंना या नावाचा भारी तोरा. दुकानात गेल्या की बायका म्हणायच्या, "काकू, आमच्याकडं धार फार बारीक येते हो, काकांच्या कानावर घाला ना." काकू एखाद्या मंत्रीणबाईसारख्या मान हलवून "बघते, बघते" म्हणायच्या आणि घरी येऊन नवऱ्याला सांगायला साफ विसरून जायच्या.

काका निवृत्त झाले आणि काही वर्षांत विसरायची पाळी त्यांच्यावर आली. आधी माणसांची नावं गेली. मग बाजारातून घरी यायचा रस्ता गेला. मग एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्यांनी काकूंना विचारलं, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" काकूंना वाटलं, चेष्टा करताहेत. त्या हसल्या. काका हसले नाहीत.

पाणी सोडायची वेळ मात्र त्यांच्या अंगातून गेली नाही. पहाट व्हायच्या आत ते उठत आणि घरातले सगळे नळ सोडून देत. न्हाणीघराचा, स्वयंपाकघराचा, गॅलरीतला. काकू घरी बसून दवाखान्यासाठी उशांचे अभ्रे शिवून देत. कापलेल्या कापडाचे गठ्ठे जमिनीवर रचलेले असत, ते भिजून चिंब व्हायचे. खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल आली. तिथली सून जिना चढून येई आणि दारातच उभी राहून म्हणे, "काकू, काहीतरी करा हो, पाया पडते तुमच्या." काकू तरी काय करणार? मुख्य कॉक बंद केला तर काका दाराला लाथा मारत. "लोक खोळंबलेत! पाणी कुणी अडवलंय?" असं ओरडत. शेवटी झोपताना काकू अभ्र्याच्या कापडाची एक पट्टी त्यांच्या मनगटाला आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला बांधू लागल्या. ते हलले की पट्टी ताणली जायची, काकू दचकून जाग्या व्हायच्या. डोळ्याला डोळा म्हणून लागत नसे. मशीनवर बसल्या बसल्या त्यांना डुलकी येई. एकदा सुई बोटातून आरपार गेली.

मुलगा परदेशात. रविवारी फोनवर तोंड दाखवायचा. "आई, तू स्वतःची काळजी घे गं," म्हणायचा. स्वतःची म्हणजे कशी, ते काही तो सांगायचा नाही.

आणि एक दिवस काकूंचा हात उठला. काकांनी पँट ओली केली होती, ती बदलू देईनात, चावायला धावले. काकूंनी फाडकन त्यांच्या थोबाडीत ठेवून दिली. काकांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि कोपऱ्यात अंग चोरून म्हणाले, "मारू नका बाई. जातो मी माझ्या घरी."

काकू मोरीत जाऊन बसल्या, नळ सोडला आणि त्याच्या आवाजात पोटभर रडल्या.

त्याच आठवड्यात धाकटे दीर आले. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत. अधूनमधून यायचे, दादाला हाक मारून बघायचे, दादानं ओळखलं नाही की सुटल्यासारखे निघायचे. त्या दिवशी ते निघाले नाहीत. चहा संपला तरी कपाकडं बघत बसले.

"वहिनी, तुम्ही दादाला एकदा नदीवर घेऊन जा."

"कशाला?"

"तीर्थाचं ठिकाण आहे. त्यानं कधी ते पाहिलं नाही. आणि..." दिरांनी आवाज खाली आणला. "तिथं आश्रम आहेत, अन्नछत्रं आहेत. कितीतरी म्हातारी माणसं तिथंच राहतात म्हणे. कुणी उपाशी मरत नाही तिथं."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. मी आपलं सांगितलं."

पण काकूंना समजायचं ते समजलं होतं. त्यांना राग यायला हवा होता. चार शब्द सुनवून दिरांना जिन्यावरून खाली घालवायला हवं होतं. त्यांनी नुसता कप उचलला आणि विसळायला घेतला. पुढं महिनाभर मशीन चालवताना, भाजी चिरताना, काकांच्या दाढीला साबण लावताना दिरांचं ते वाक्य त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं. कुणी उपाशी मरत नाही तिथं. मग त्यांनी तिकिटं काढली.

नदीचं गाव सकाळच्या उन्हात नुसतं गजबजलेलं होतं. स्टेशनपासून नदीपर्यंत अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना तांब्या-पितळेची दुकानं, फुलांच्या टोपल्या, ओल्या कपड्यांनी परतणारी माणसं. धर्मशाळेत एक खोली मिळाली. दोन खाटा आणि उंचावर एक खिडकी, बाकी काही नाही. काकूंनी आधी नळ कुठं आहे ते पाहिलं. नळ व्हरांड्यात होता, खोलीत नव्हता. त्यांचा जीव भांड्यात पडला.

घाटाच्या वरच्या पायरीवर आल्याबरोबर काका थबकले. एवढं पाणी त्यांनी उभ्या जन्मात एका जागी पाहिलं नसावं. मग काकूंच्या कानाशी येऊन काळजीच्या सुरात म्हणाले, "एवढं सोडलंय कुणी? वरती कुणी माणूस आहे की नाही? टाकी रिकामी होईल ना."

शेजारी पाय धूत बसलेला एक माणूस हसायला लागला. काकूंनाही हसू फुटलं. खूप दिवसांनी फुटलं. त्यांनी काकांचा हात धरून त्यांना खाली नेलं, साखळीला धरून पाण्यात उभं केलं, तांब्यानं डोक्यावर पाणी घातलं. काका डोळे मिटून शांत उभे राहिले. पाणी त्यांच्या पाठीवरून ओघळत होतं. काकूंच्या मनात आलं, हा माणूस असाच इथं उभा राहिला तर किती बरं होईल. मग त्यांनी स्वतः डुबकी मारली आणि पाण्याखाली नाक दाबून देवाला काय मागितलं, ते त्यांनी पुढं कधी कुणाला सांगितलं नाही.

ती शांतता दुपारपर्यंतही टिकली नाही. खोलीत आल्यावर काकांना जागा परकी वाटली. त्यांनी दार बडवलं, शेजारच्या खोलीतल्या यात्रेकरूंच्या पिशव्या उपसल्या, कपडे काढून व्हरांड्यात गेले. धर्मशाळेचा व्यवस्थापक वर आला. माणूस वाईट नव्हता. पण म्हणाला, "बाई, उद्या खोली सोडा. बाकीच्यांना त्रास होतो." काकूंनी मान डोलावली. काकांना कसेबसे कपडे घातले. घालताना त्यांच्या कोपराचा फटका काकूंच्या ओठावर बसला, रक्त आलं. काकूंनी पदरानं ते टिपलं आणि एकदम त्यांना आतून सगळं थंड पडल्यासारखं झालं. रडू नाही, राग नाही, काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काकांना स्वच्छ पांढरा शर्ट घातला. दाढी केली. बिस्किटांचा पुडा खिशात ठेवला. घाटावर सावली बघून एका रुंद पायरीवर त्यांना बसवलं. शेजारी मंदिराची भिंत होती, लोकांची ये-जा होती, थोड्या अंतरावर अन्नछत्राची पाटी होती. काकूंनी ती आदल्या दिवशीच हेरून ठेवली होती.

"इथंच बसा, मी आलेच," त्या म्हणाल्या.

काकांनी मान हलवली. आज्ञाधारक मुलासारखे गुडघ्यांवर हात ठेवून बसले.

काकू पायऱ्या चढल्या. मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय निघाला नसता, हे त्यांना ठाऊक होतं. गल्ल्यांमधून त्या जवळजवळ पळतच स्टेशनवर आल्या. गाडी लागलेलीच होती. खिडकीपाशी जागा मिळाली. गाडी हलली, पूल आला, खाली नदी आली. काकूंनी पदर डोळ्यांवर ओढला आणि त्यांना झोप लागली. अशी गाढ झोप, की समोरच्या बाईनं नंतर सांगितलं, तुम्ही घोरत होता हो. कितीतरी महिन्यांची थकलेली झोप होती ती.

जाग आली ती मनगट हलल्यामुळं. झोपेतच त्यांनी हात ओढला होता, पट्टी ताणली जाते का बघायला. पट्टी नव्हती. शेजारी एक अनोळखी मुलगी शेंगा सोलत बसली होती.

पांढरा शर्ट, गुडघ्यांवरचे हात, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. काकांना पोहता येत नाही. पाणी दिसलं की ते बंद करायला जातील. "गाडी थांबवा," त्या म्हणाल्या. मोठ्यानं म्हणाल्या. समोरची बाई घाबरली. "अहो, काय झालं? बसा, बसा. येईलच आता स्टेशन." स्टेशन आलं तशी त्यांनी गाडी पुरती थांबायच्या आत उडी टाकली. परतीची गाडी लवकर नव्हती. मग बस, मग एका ट्रकवाल्याच्या शेजारी बसून. वाटेत ट्रकवाल्यानं दोनदा विचारलं, "मावशी, बरं नाही का?" काकू पुढच्या रस्त्याकडं डोळे लावून बसल्या होत्या.

घाटावर पोचल्या तेव्हा ऊन उतरत आलं होतं. पायरी रिकामी होती. बिस्किटांचा कागद तिथंच पडला होता.

त्या संध्याकाळी काकूंनी किती जणांचे पाय धरले, त्याला हिशेब नाही. फुलवाली, पुजारी, नावाडी, भिकारी. "पांढरा शर्ट होता हो. उंच आहेत. विसरतात." सगळे मान हलवत. इथं विसरणारी म्हातारी माणसं पैशाला पासरी होती. पोलीस चौकीत हवालदारानं खुर्ची दिली, पाणी दिलं. "कसे हरवले?"

"गर्दीत हात सुटला," काकू म्हणाल्या.

हवालदारानं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांच्या फुटलेल्या ओठाकडंही पाहिलं. "इथं रोज हात सुटतात, बाई," तो म्हणाला. रागानं नाही, पाऊस पडतो म्हणावं तसं. मग कर्ण्यावरून काकांचं वर्णन सगळ्या घाटावर घुमलं. स्वतःचा नवरा असा घाटाघाटावर पुकारला जाताना ऐकून काकूंनी कानांवर हात घेतले.

सकाळी उजाडल्याबरोबर एक नावाडी चौकीत आला. खालच्या वळणावर, नदी संथ होते तिथं, कुणीतरी लागलंय म्हणाला. म्हातारा माणूस. हवालदार म्हणाला, "मावशी, तुम्ही थांबा, आम्ही बघतो." काकू थांबल्या नाहीत. नावेत नावाड्यानं त्यांना दंडाला धरून बसवलं. वल्ह्याचा आवाज तेवढा येत होता.

लव्हाळ्यात अडकलेलं ते शरीर पालथं होतं. अंगात पांढरं काहीतरी होतं. नावाडी बांबूनं त्याला वळवू लागला आणि त्या एवढ्याशा वेळात काकूंच्या मनात आलं, हेच असू देत. संपू दे एकदाचं. लगेच त्यांचा स्वतःवरच विश्वास बसेना. तोंडात पदराचा बोळा कोंबून त्या बघत राहिल्या. शरीर वळलं. कुणी दुसराच होता. भरघोस मिशा होत्या. काकू नावेच्या काठावरून वाकून ओकल्या आणि मग हुंदके देऊ लागल्या. नावाड्याला वाटलं, आनंदानं रडताहेत. "देवानं ऐकलं बघा तुमचं," तो म्हणाला.

परत येताना त्यानंच विचारलं, "मावशी, ते काय काम करायचे?"

"गावाला पाणी सोडायचे."

नावाड्यानं वल्हं थांबवलं. "नळाला चावी नसली तरी हातानं फिरवतात का हो? काल वरच्या घाटावरच्या सार्वजनिक नळापाशी एक जण उभा होता. लोकांना पाणी भरू देईना. रांगेत या म्हणत होता, एकेकानं या. बायका भांडायला लागल्या, तेव्हा ताईच्या घरची माणसं घेऊन गेली त्याला."

ताईचं घर म्हणजे वरच्या घाटामागं पत्र्याची लांब शेड आणि पुढं मातीचं अंगण. ताई पूर्वी दवाखान्यात परिचारिका होत्या. घाटावर सापडलेली माणसं त्या आणून ठेवत. काकूंनी फाटक उघडलं तशी एक वाळकी म्हातारी धावत आली आणि त्यांच्या गळ्यात पडली. "आलीस का गं? किती उशीर केलास! मी मेले नाही अजून, बघ." काकूंना तिचे हात सोडवता येईनात. ताईंनी येऊन तिला हळुवार बाजूला केलं. "आजी, ही नव्हे तुमची. तुमची येईल हं."

अंगणाच्या टोकाला, भिंतीच्या सावलीत काका बसले होते. कुणीतरी त्यांना दुसरा, ढगळ शर्ट घातला होता. काकूंना पुढं जायचा धीर होईना.

"तुमचे कोण?" ताईंनी विचारलं.

"मालक."

"कसे हरवले?"

काकूंनी तोंड उघडलं. हवालदाराला सांगितलं तेच ओठांवर आलं होतं. त्यांनी त्या गळ्यात पडणाऱ्या म्हातारीकडं पाहिलं. "हरवले नाहीत," त्या म्हणाल्या. "मी सोडून गेले."

ताईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "मग आता न्यायला आलात, की नुसतं बघायला? नुसतं बघायलाही येतात लोक. त्या कुंपणापाशी उभे राहतात, बघतात आणि जातात. मी काही बोलत नाही."

काकू कुंपणाकडं बघू लागल्या.

"ठेवायचे असतील तर ठेवून घेते," ताई म्हणाल्या. "तुमच्याकडं बघून सांगते, तुम्ही यांच्या आधी जाल. नीट विचार करा. घाई नाही. आधी चहा घ्या."

महिनाभर जे मनात घोळत होतं, ते असं सरळ हातात येऊन पडलं. कुणी शिव्या दिल्या नाहीत, तोंडावर थुंकलं नाही. काकू चहा न घेता काकांच्या शेजारी जाऊन मातीत बसल्या.

काकांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि अदबीनं थोडे सरकले. "बसा बाई."

"कसे आहात?" काकूंनी विचारलं.

"माझं काय!" काका म्हणाले. "पण एक घोळ झालाय. आमच्या हिनं मला एका ठिकाणी बसवलं होतं. म्हणाली, इथंच बसा. मी बसलो होतो हो. पण तहान लागली म्हणून जरा उठलो, आणि मग ती जागाच सापडेना. आता ती येऊन बघेल आणि मी तिथं नसेन. फार घाबरते ती. तुम्हाला दिसली तर सांगाल का? म्हणावं, चूक माझीच झाली."

काकूंनी त्यांचा हात हातात घेतला. काकांनी तो काढून घेतला नाही. "सांगते," एवढंच त्या कशाबशा म्हणाल्या.

त्यांनी काकांना घरी नेलं. हे काही शहाणपणाचं केलं असं त्यांना स्वतःलाही वाटत नव्हतं, आणि निरोप देताना ताईंनीही शाबासकी दिली नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "मनगटाला बांधू नका. दुसऱ्या माणसाला बोलवा."

घरी आल्यावर दीर चौकशीला आले, आणि भावाला समोर पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. काकू म्हणाल्या, "भावोजी, आठवड्यातून दोन दिवस तुम्ही इथं झोपायला यायचं. नाही आलात, तर मी यांना घेऊन तुमच्या दारात येऊन बसेन. मी काय करू शकते ते मला आता कळलंय." दीर आले. काही महिने नेमानं आले, मग पाठ धरली, मग कामं निघाली, मग पुन्हा आले. मुलानं एक माणूस ठेवायची व्यवस्था केली. माणसं येत आणि कंटाळून जात. नळ सुटायचे ते सुटतच राहिले. काकू काही एकदम देवमाणूस झाल्या नाहीत. नंतरही एकदा त्यांचा हात उठला होता. पुढच्या हिवाळ्यात काका न्यूमोनियानं गेले. घरीच गेले. जाताना त्यांना काकू कोण ते ठाऊक नव्हतं.

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. घाटावरून आल्यापासून काकूंना ते पोटात ठेववेना. दुसऱ्या कुणाला सांगून काय होणार होतं? ज्यांना सांगायचं ते समोरच होते. म्हणून त्या सांगत. दुपारी काकांना भरवताना, केस विंचरताना सांगत, "अहो, मी तुम्हाला सोडून पळून गेले होते." काका कधी ऐकत, कधी नुसतंच गालातल्या गालात हसत, आणि संध्याकाळपर्यंत सगळं पुसलं जाई. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. काकू रडकुंडीला येत. माफ करा म्हणावं, तर माफ करणारा माणूस दोन घटकाही जागेवर राहत नव्हता.

एकदा मात्र काकांनी सगळं अगदी लक्ष देऊन ऐकलं. पायरी, पांढरा शर्ट, गाडी, झोप, नाव, लव्हाळं. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आणि मग? तो माणूस सापडला का?"

"सापडला."

"आणि त्याची बायको?"

काकूंच्या हातातला चमचा तसाच राहिला. काकांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग त्यांचं लक्ष उडालं आणि ते खिडकीतून खालच्या रस्त्याकडं बघू लागले. काकूंनी चमच्यातला गार झालेला घास परत वाटीत टाकला, कालवला आणि दुसरा घास त्यांच्या तोंडापाशी धरला.